तिसरा आग्रह

ठरलं होतं ते एवढंच, की दोनदा विचारायचं.

हे कुणी मोठ्यानं ठरवलं नव्हतं. फान घराण्यात अशा गोष्टी मोठ्यानं ठरतच नाहीत. आदल्या आठवड्यात मेइझेनवहिनीचा फोन आला, निम्मा वेळ नातवाच्या खोकल्यात गेला, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "वेनयू, आईंना आम्ही विचारू हं, घरी चला म्हणून. एकदा मी विचारीन, एकदा तुझा दादा विचारील. मग तर झालं ना?" वेनयूला त्या 'झालं ना'चा अर्थ कळायला काही वेळ लागला नाही. शाळेत तीस-पस्तीस वर्षं मुलांच्या थापा ओळखण्यात घालवलेली बाई ती. पण ती नुसतं "हं" म्हणाली. त्या एका 'हं'चं ओझं पुढे जन्मभर वागवावं लागणार आहे हे ठाऊक असतं, तर निदान तिनंही खोकल्याची उबळ आणली असती.

कारण सुझौच्या जुन्या माणसांत दोनदा विचारणं म्हणजे न विचारल्यासारखंच. पहिल्यांदा कुणी विचारलं की नको म्हणायचं, ही रीत. दुसऱ्यांदा विचारलं की काहीतरी कारण काढून नको म्हणायचं, हा सभ्यपणा. तिसऱ्यांदा जो विचारतो त्याच्या मनात खरोखर असतं, आणि मग हो म्हणायला हरकत नसते. ताटात वाढायच्या माशापासून मुलीच्या मागणीपर्यंत सगळं असंच चालत आलेलं. वेनयूच्या आईनं तर ब्याऐंशी वर्षांत पहिल्या फटक्याला 'हो' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आणि दिवस कोणता, तर हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीचा सण. आज रात्री ज्यानं त्यानं आपापल्या घरी जेवायचं. लग्न झालेल्या लेकीनं तर माहेरी राहायचंच नाही, सासरीच पाहिजे. म्हणून दुपारी लवकर जेवण ठेवलं होतं, आईकडे, म्हणजे 'चिरवसंत निवास' ह्या वृद्धाश्रमात. आईला तिथे येऊन आज महिना होत होता. महिनाभर राहून बघा, आवडलं तर कायम राहा, नाहीतर घेऊन जा, असं तिथल्या व्यवस्थापिका हौ बाईंनी सांगितलेलं. खोली दक्षिणेकडची, दिवसभर ऊन. तिच्यावर डोळा ठेवून चार घरं बसली होती, तेव्हा आज दिवस मावळायच्या आत काय ते सांगायचं होतं.

ही जागा शोधून काढली ती वेनयूनंच. सप्टेंबरात आई दादाच्या स्वयंपाकघरात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि दादाचं घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. महिनाभर आई जिना उतरली नाही. तेव्हा वेनयूच गावभर हिंडली, आणि 'चिरवसंत' बघून आल्यावर भावाला म्हणाली, "दादा, मला म्हातारपणी इथेच टाका." सगळे हसले होते. आता तेच वाक्य आठवलं की ती घाईघाईनं हातात दुसरं काहीतरी काम घ्यायची.

ती पोचली तेव्हा आई खालच्या दालनात उभीच होती. अंगात जांभळं, कापूस भरून शिवलेलं रेशमी जाकीट, जे फक्त लग्नकार्याला निघायचं. पायात बाहेरचे जोडे. इथे सगळ्या म्हाताऱ्या दिवसभर कापडी सपाता घालून फिरतात. वेनयूच्या नजरेला ते जोडे पडले, आणि तिनं ती नजर उचलून दुसरीकडे नेली.

"किती उशीर गं! हाताला गारठा लागलाय बघ. दादा कुठंय?"

"गाडी लावतोय. मिंगही आलाय शेनझेनहून, दादाच्याच गाडीत आहे."

"मिंग आला? एवढ्या लांबून? काय गरज होती!" असं म्हणत आईनं तिच्या खांद्यावरून दाराकडे इतकं वाकून पाहिलं की पडेल की काय असं वाटलं.

मग सगळे आल्यावर आईनं त्यांना जागा दाखवायला घेतली. हौ बाई पुढे होत होत्या, पण आईनं त्यांना बोलूच दिलं नाही. घर आपलं असल्यासारखी ती पुढे, मागे दोन मुलगे, सून, लेक.

"ही दोरी बघा. प्रत्येक खोलीत आहे, न्हाणीघरातसुद्धा. ओढली की मुलगी धावत येते. मी परवा टॉवेल समजून ओढली तर दोघी आल्या, एक तर हातात सुई घेऊनच! हा दवाखाना. रोज सकाळी रक्तदाब. इथे केस कापून मिळतात, नखंसुद्धा. हे पाण्यात उभं राहून व्यायाम करायचं टाकं. मी नाही जात बाई, तो पोशाख घालायची लाज वाटते. पण आहे. आणि दर गुरुवारी पिपाच्या तारा छेडत कथा गाणारे येतात, पहिल्या रांगेत बसायला मिळतं."

"आई, हे तर हॉटेलच आहे गं!" शाओमिंग म्हणाला. तो धाकटा, चोपन्न वर्षांचा, पण आईपुढे अजून 'धाकटा'च. "मीच येतो राहायला."

"ये की. साठीची अट आहे. सहा वर्षं दम काढ."

सगळे खो खो हसले. आईला गंमत करता यायची, वडील गेल्यापासून ती कमी करायची एवढंच. दादाचा, शाओचेंगचा, चेहरा त्या हसण्यानं जरा सैल झाला. सकाळपासून तो परीक्षेला बसलेल्या मुलासारखा घाम पुसत होता, ऐन थंडीत.

"किती छान ठेवलंय, नाही?" मेइझेनवहिनी वेनयूच्या कानाशी लागली. "आई खूश दिसतायत. त्यांच्या अंगावर मांस चढलंय बघ."

वेनयूला माहीत होतं की आई खूश दिसत नव्हती, आई यजमानीण झाली होती. आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांना पडक्या भिंतीही कौतुकानं दाखवायची तिची जन्माची खोड. पण हे वहिनीला सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागलं असतं. वेनयू म्हणाली, "हो, चढलंय."

माजाँगच्या खोलीत चार टेबलं भरलेली होती, सोंगट्यांचा खडखडाट चालू होता. दाराजवळच्या टेबलावरून एका ठेंगण्या म्हातारीनं मान वर केली. आईच्या शेजारच्या खोलीतल्या चू आजी त्या. आईला इथे सगळे तिच्या माहेरच्या आडनावानं हाक मारत.

"अगोबाई, लू आजी, आली का मंडळी? मी म्हटलं होतं ना तुम्हाला, सणाला नेतीलच म्हणून! तुमच्या नर्गिसाच्या कुंडीची काळजी करू नका हं. खिडकीत ठेवलीय, रोज पाणी बदलीन."

आईचे कान लाल झाले. "नाही हो, ती नुसती जेवायला आलीत," ती घाईघाईनं म्हणाली, आणि मुलांकडे वळून, "ह्यांना जरा कमी ऐकू येतं. चला, ताटं गार होतील."

पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं बोलणं सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं. शाओमिंग फोनमध्ये बघायला लागला. दादा भिंतीवरच्या व्यायामाच्या वेळापत्रकासमोर असा उभा राहिला, जसा काही उद्यापासून तोच वर्गाला जाणार होता. नर्गिस सणानंतर महिन्या-दीड महिन्यानं, नव्या वर्षाला फुलतो. आई तो दर हिवाळ्यात स्वतः लावते आणि कुणाला हात लावू देत नाही. तो तिनं देऊन टाकला होता.

जेवणासाठी छोटी खोली मिळाली होती, गोल टेबल, मधे फिरतं तबक. बोकडाचा रस्सा आला, अंड्याच्या पोळीत खिमा भरलेल्या करंज्या आल्या, आणि फक्त ह्या चार दिवसांत मिळते ती सोनेरी फुलांच्या वासाची गोड तांदळाची दारू. आईनं सगळ्यात आधी एक वाटी आणि चॉपस्टिक्सची जोडी मागून घेतली आणि आपल्या डाव्या हाताला मांडली. ती बाबांची. ह्या सणाला घरचं जे माणूस पानावर नसतं, त्याची वाटी मांडायची असते. मग तिनं सगळ्यांना वाढायला सुरुवात केली आणि खोलीत एकच गोंधळ उडाला.

"आई, पुरे!"

"एवढीशी तर आहे, खा."

"नको गं, खरंच नको."

"खा म्हणते ना! वाळलायस किती!"

आणि तिसऱ्यांदा करंजी शाओमिंगच्या वाटीत पडलीच. तोही खाऊ लागला. वेनयूला वाटलं, बाई गं, ही रीत अजून सगळ्यांच्या हाडांत आहे. कुणी विसरलेलं नाही.

रस्सा अर्धा झाल्यावर मेइझेननं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. बाई वाईट नव्हती. तीस वर्षं सासूबरोबर एका चुलीवर काढली होती, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण तिनंच केलं होतं. आता तिचे स्वतःचे गुडघे गेले होते, आणि सून नोकरीला जाते म्हणून दोन वर्षांचा नातू तिच्या गळ्यात होता.

"आई," ती म्हणाली, "आज महिना झाला. चला ना घरी. तुमच्याशिवाय घर खायला उठतं."

"छे गं! कशाला? इथे किती सोय आहे. नको नको."

पहिलं झालं. वेनयूनं रश्श्यातला कोथिंबिरीचा देठ बाजूला काढला.

मेइझेननं नवऱ्याच्या पायाला टेबलाखालून काय केलं कोण जाणे, दादा एकदम दचकून बोलला, "हो आई, चल की. तुझी खोली तशीच आहे. म्हणजे, खेळण्यांचा खोका ठेवलाय तिच्यात, पण काढू."

"अरे, पाच मजले मी कशी चढू? तुझी कंबर आधीच धरते, मला उचलून नेणार आहेस का? आणि तुमच्या मागं पोराचं करायचं. राहू दे रे."

दुसरं झालं.

आई वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ती बाबांच्या वाटीत एक करंजी नीट मधोमध ठेवत होती. पण करंजी ठेवून झाली तरी तिचा हात तिथेच राहिला. वेनयूला तो हात दिसत होता आणि तिच्या डोळ्यांपुढे एकदम आजी उभी राहिली.

आजीचं सगळ्यांना आठवत असणार. आजी, म्हणजे बाबांची आई, हिवाळ्यात काकाकडे जायची आणि सणाच्या दिवशी आई तिला आणायला जायची, लहानग्या वेनयूचा हात धरून, कालव्याकाठानं. आजी म्हणायची, नको गं, इथे बरं आहे. मग म्हणायची, नको गं, तुमच्याकडे आधीच दोन खोल्या. तिसऱ्यांदा आई काही बोलायचीच नाही. ती सरळ आजीचं निळ्या छापाच्या कापडातलं बोचकं उचलायची आणि दाराकडे चालायला लागायची. आजी मागून ओरडायची, अगं अगं, काय ही पोर! आणि मग जोडे घालता घालता म्हणायची, "बरं बाई, एवढा आग्रह करताय तर जाते." दर वर्षी तेच, तस्सं. आणि बोचकं तर सकाळपासून बांधून तयारच असायचं.

वेनयूनं दादाकडे पाहिलं. दादानं मेइझेनकडे पाहिलं. मेइझेननं वेनयूकडे पाहिलं, आणि त्या नजरेत फोनवरचं 'हं' होतं.

तेवढ्यात शाओमिंगनं पेला खाली ठेवला. "मला एक कळत नाही, तुम्ही आईला जबरदस्ती का करताय? ती इतकं स्पष्ट सांगतेय, नको म्हणून. आमच्याकडे शेनझेनला सगळे हेच म्हणतात, म्हाताऱ्या माणसांच्या मताचा मान राखायला शिका. तिला इथे आवडतंय, तर तिला तिचं आयुष्य जगू द्या ना!"

किती बरं वाटलं सगळ्यांना! दादानं इतका मोठा निःश्वास सोडला की रश्श्यावरची वाफ हलली. मेइझेन म्हणाली, "भावजी बोलतात ते बरोबर आहे." आणि मनापासून हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खोटं नव्हतं. शाओमिंगही काही लबाडी करत नव्हता. पंचवीस वर्षं परगावी राहून ह्याला 'नको'चा अर्थ नको असाच वाटायला लागला होता, इतकंच. लबाडी केली ती ज्यांना अर्थ माहीत होता त्यांनी.

"तसंच करा," आई म्हणाली. "मिंगला कळतं."

"आणि आई," मेइझेन प्रेमानं तिच्या हातावर हात ठेवत म्हणाली, "काळजी करू नका. आज रात्री घरी तुमची वाटी मांडणार आहे मी. बाबांच्या शेजारी. सकाळीच काढून ठेवलीय."

ते वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं. सकाळीच. विचारायच्या आधीच. मेइझेनचा चेहरा पांढरा पडला. आईनं तिचा हात थोपटला.

"चांगलं केलंस. नाहीतर घाईत राहून जातं."

वेनयूला वाटलं, आता बोलावं. आता. पण ती काय म्हणणार होती? दादाच्या घरी चल, असं म्हणायचा तिला काय हक्क? पाच मजले तिला थोडेच चढायचे होते, म्हातारीचं अंथरूण तिला थोडंच करायचं होतं. आणि माझ्या घरी चल म्हणावं तर दुसऱ्या खोलीत नव्वदीच्या सासूबाई, रोज संध्याकाळी 'तू कोण गं' म्हणून विचारणाऱ्या. त्यातून आज सण. दोन मुलगे असलेली बाई सणाच्या रात्री लेकीच्या दारी जेवली तर गाव मुलांच्या तोंडात शेण घालेल, आणि आई तर उंबरा ओलांडणारच नाही. ही सगळी कारणं खरी होती. वेनयूनं ती एकामागून एक मनात मांडली आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी आणखीच वाईट वाटलं.

जेवण आटोपल्यावर पैसे देण्यावरून जे रामायण झालं ते काय सांगावं! दादा आणि शाओमिंग दोघंही एकदम गल्ल्याकडे धावले.

"दादा, मी देतो."

"खुळा आहेस का? मी मोठा आहे."

"मी वर्षातून एकदा येतो!"

"म्हणूनच तू पाहुणा! फोन आत ठेव!"

दादानं धाकट्याचं मनगट धरलं. धाकट्यानं दादाला कमरेत धरून मागे ओढलं, त्याच दुखऱ्या कमरेत. मेइझेन मधे शिरून दिराच्या खिशात फोन कोंबायला लागली. गल्ल्यावरची मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. तीनदा काय, पाच-सहा फेऱ्या झाल्या. शेवटी दादानं बाजी मारली आणि शाओमिंग पुनःपुन्हा म्हणत राहिला, हे बरोबर नाही, हे काही बरोबर नाही.

आई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून बघत होती. दोन्ही मुलगे लाल झालेले, धापा टाकणारे. ती हसत होती. वेनयूनं ते हसू पाहिलं, आणि तिला मान वर करवेना. एका जेवणासाठी ह्यांच्या अंगात एवढा आग्रह होता.

"माझा गळपट्टा खोलीत राहिला," आई म्हणाली. "वेनयू, आणतेस का गं? मी तुम्हाला पोचवायला फाटकापर्यंत येते."

खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टमधे बसायला बाक होता, धरायला दांडा होता. दार मनगटातल्या पट्ट्यानं उघडायचं, तो आईनं काढून वेनयूला दिला होता. आत उतरतं ऊन पलंगभर पसरलेलं. गादीवरची चादर घडी करून पायथ्याशी ठेवलेली होती, चारी कोपरे जुळवून. खिडकीत कुंडीचा ओला गोल डाग. न्हाणीघरात दात घासायचा पेला नाही, ब्रश नाही, कंगवा नाही. दोरी तेवढी लोंबत होती.

वेनयू खाली वाकली. ती का वाकली हे तिला विचारायचीही गरज नव्हती. पलंगाखाली बोचकं होतं. निळ्या छापाचं कापड, आजीचंच, धुऊन धुऊन पांढरट पडलेलं. वर दुहेरी गाठ. गळपट्टाही त्या गाठीतच खोचलेला होता.

तिनं ते बाहेर ओढलं. हलकं होतं. इतकं हलकं की तिला रडू फुटलं. ती बसली तशीच जमिनीवर, गाठीवर हात ठेवून. नुसतं उचलायचं होतं. उचलून खाली जायचं, दादाच्या गाडीत टाकायचं, एक शब्द बोलायचा नाही. मग पुढचं ज्याचं त्यानं निस्तरलं असतं. दादानं आईला पाठीवर घेऊन पाच मजले चढवलं असतं, मेइझेन दोन दिवस फुरंगटली असती आणि तिसऱ्या दिवशी आईसाठी पेज शिजवली असती. तेवढंच होतं.

उघडं राहिलेलं दार वाजलं. आई आली होती. भिंतीला लावलेल्या दांड्याचा आधार घेत घेत.

"मला वाटलं तुला सापडला नाही," ती म्हणाली. मग तिची नजर बोचक्याकडे गेली.

आईनं 'अगं ते' म्हटलं नाही. 'राहू दे' म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती 'नको' म्हणाली नाही. नुसती उभी राहिली, जांभळ्या जाकिटात, बाहेरच्या जोड्यांत, वेनयूच्या हाताकडे बघत.

वेनयूनं बोचकं उचललं.

आणि ती म्हणाली, "आई, हे खाली ठेवलंस, ओल लागेल. कपाटात वर ठेवते हं."

स्वतःचा आवाज तिला शाळेतल्यासारखा वाटला, स्वच्छ आणि समजूतदार. तिनं कपाट उघडलं. आत हँगर रिकामे होते. तिनं बोचकं वरच्या फळीवर सरकवलं आणि गाठीतून गळपट्टा ओढून काढला.

"हो, वरच ठेव," आई म्हणाली. "कपाट झाडायला म्हणून सगळं काढलं होतं. मीच ठेवणार होते."

"नवी चादर घालून देऊ?"

"नको. त्या मुली घालतात. फार नीट घालतात." ती पलंगाच्या कडेला टेकली आणि पुन्हा उठली. "चल, ते खाली खोळंबलेत."

वेनयूनं आईच्या गळ्याला गळपट्टा गुंडाळला. गुंडाळताना तिला आईच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं म्हणून ती नको तेवढी नीट गुंडाळत बसली.

खाली दादानं हौ बाईंना सांगून टाकलं होतं. हौ बाई खूप आनंदल्या. "लू आजी, आता तुम्ही आमच्याच हं! वाढदिवसाला तुमच्या नावानं लांब शेवयांचं जेवण असतं सगळ्यांना." आईनं त्यांचे आभार मानले, किती त्रास देते मी तुम्हाला, असंही म्हणाली. सगळं रीतीला धरून.

मग ती त्यांना पोचवायला निघाली. पाहुण्यांना दारात निरोप देऊन परतणं तिला ठाऊकच नव्हतं. जुन्या घरीसुद्धा ती गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. बाहेर दिवस कलला होता, कालव्यावरून बोचरं वारं येत होतं. रस्त्याकडेला लोक सोनेरी दारूचे बुधले छातीशी धरून घाईघाईनं घरी चालले होते.

"आई, आत जा," दादा म्हणाला. "गार आहे."

"जाईन रे. तुम्ही बसा तरी गाडीत."

"आई, खरंच जा आत. पडसं होईल," मेइझेन म्हणाली. "पाय घसरेल इथे."

"काही होत नाही. चार पावलं तर आहेत. तुम्ही एवढ्या लांबून आलात."

मग सगळेच पुढे सरसावले. दादानं तिचे खांदे धरून हलकेच वळवलं. शाओमिंगनं तिचा हात धरला. मेइझेननं जाकिटाची वरची गुंडी लावून दिली. "जा आई! आमचं ऐक! आत जा बघू, आम्ही उभे आहोत तोवर जा!" सगळे एकदम बोलत होते, जीव तोडून, मनापासून. वेनयूनं स्वतःचाही आवाज त्यात ऐकला. तीही म्हणत होती, "जा ना आई, आत जा."

आई थांबली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सगळ्यांच्या. वेनयूकडे शेवटी.

"बरं बाबांनो," ती हसून म्हणाली, "एवढा आग्रह करताय तर जाते."

आणि ती वळून आत गेली. काचेचं दार तिच्यासाठी आपोआप उघडलं.